फिट थांबली, हातचा राहिला

माझी लेक दुसरीत होती तेव्हाची डिक्टेशनची वही मी अजून जपून ठेवली आहे. बाईंनी दहा शब्द सांगितले, हिने सात लिहिले. लिहिलेले सातही बरोबर. मधले तीन चुकलेले नाहीत, अर्धवटही नाहीत, मुळात लिहिलेलेच नाहीत. खाली लाल शाईत शेरा: ‘वर्गात लक्ष नसते.’ पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, फक्त गाळलेले शब्द वेगळे.

तेव्हा आम्ही तिला रागावलो. आता ती वही पाहिली की स्वतःचाच राग येतो.

मी डॉक्टर नाही. हैदराबादेत सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारा इंजिनियर आहे. पण गेल्या तीन वर्षांत एपिलेप्सी, म्हणजे अपस्मार, आणि मुलांचा अभ्यास यांचा संबंध आमच्या घराने फार जवळून पाहिला. त्यात आमची एक मोठी चूक झाली. ती दुसऱ्या कुणाकडून होऊ नये म्हणून हे लिहितो आहे. लेकीचं नाव मुद्दाम देत नाही. ते सांगायचं की नाही, हे ती मोठी झाल्यावर ठरवेल.

आजीच्या लक्षात आलं

आमचं घर काचीगुड्याजवळ. पणजोबा नांदेडकडून इथे आले, तेव्हा मराठवाडा आणि हैदराबाद एकाच संस्थानात होते. त्यामुळे घरात मराठी, गल्लीत दखनी, शाळेत इंग्रजी आणि तेलुगू अशी आमच्याकडच्या सगळ्याच मुलांची गत. संध्याकाळी दिवा लागला की माझी आई नातीला जवळ बसवून शुभंकरोती आणि पाढे म्हणून घेते. हे दोघींचं रोजचं ठरलेलं.

एक दिवस आई मला म्हणाली, “अरे, ही पोरगी मधेच कुठे जाते रे?”

मला कळेना. आई म्हणाली, “पाढा म्हणता म्हणता थांबते. मी पुढे जाते. मग ही जिथे थांबली होती तिथूनच पुन्हा सुरू करते. मधलं मी म्हटलेलं हिने ऐकलेलंच नसतं.”

मी नेहमीचं उत्तर दिलं, “आई, लहान मुलं आहेत, तंद्री लागते.” आईने ऐकलं नाही. माझ्या बायकोने चार दिवस जेवताना लक्ष ठेवलं आणि शेवटी मोबाइलवर व्हिडिओ काढला. हातात घास, डोळे एका जागी खिळलेले, पापण्या बारीक फडफडत आहेत. नऊ सेकंद. मग घास तोंडात गेला आणि लेक म्हणाली, “आई, अजून भाजी दे.” मधे काही झालं, हे तिच्या गावीही नव्हतं.

डॉक्टरांनी तो व्हिडिओ पाहिला आणि तिच्या हातात कागदाचं भिरभिरं दिलं. “जोरजोरात फुंकत राहा हं.” एक-दीड मिनिटात फुंकता फुंकता ती थांबली, डोळे स्थिर झाले. काही सेकंदांनी पुन्हा फुंकायला लागली. (ही तपासणी डॉक्टरांसमोरच व्हायला हवी, घरी करून पाहू नका.) नंतर ईईजी झाला आणि नाव कळलं: लहानपणीची ॲबसन्स एपिलेप्सी.

आपल्याकडे फिट, मिरगी, फेफरं, आकडी म्हटलं की डोळ्यांसमोर जमिनीवर पडलेला, हातपाय झटकणारा, तोंडाला फेस आलेला माणूस येतो. तो अपस्माराचा एक प्रकार झाला. ॲबसन्समध्ये मूल पडत नाही, ओरडत नाही. फक्त काही सेकंद ‘नसतं’. हा आजार साधारणपणे ४ ते १० या वयात सुरू होतो. एकेक झटका १० सेकंदांच्या आसपास टिकतो आणि दिवसात असे डझनावारी झटके येऊ शकतात. म्हणून कितीतरी मुलांची पहिली तक्रार ‘फिट येते’ अशी नसतेच. ‘अभ्यासात लक्ष नाही’ अशी असते, आणि ती शाळेच्या डायरीतून घरी येते.

तंद्री आणि झटका यांतला एक ढोबळ फरक डॉक्टरांनी सांगितला, तो इथे देतो. तंद्रीतलं मूल खांद्याला हात लावला, नावाने हाक मारली की भानावर येतं. झटक्यातलं मूल येत नाही. तंद्री बहुधा कंटाळवाण्या वेळी लागते. झटका खेळताना, बोलताना, अगदी वाक्याच्या मध्यावरही येतो. शंका वाटली तर व्हिडिओ काढा. आपण दहा मिनिटं वर्णन करून जे समजत नाही, ते दहा सेकंदांच्या व्हिडिओत दिसतं.

आठ मिनिटांचा हिशेब

सवयीप्रमाणे मी आकडेमोड केली. समजा, दिवसाला ५० झटके, प्रत्येकी १० सेकंद. झाली ५०० सेकंदं. म्हणजे जेमतेम सव्वाआठ मिनिटं. एवढ्याशाने अभ्यास बुडतो?

हा हिशेब चुकीचा आहे, हे कळायला मला वेळ लागला. फोनवर कुणी पत्ता सांगत असताना दोन सेकंद आवाज गेला आणि नेमका ‘डावीकडे’ हा शब्द गळला, तर पुढचा सगळा पत्ता नीट ऐकूनही उपयोग नाही. वर्गातही तसंच. बाई उदाहरणाची पहिली पायरी सांगत असताना मूल नव्हतं, तर उरलेल्या चार पायऱ्या ऐकूनही त्याला काही लागत नाही. शिवाय आपलं काही सुटलं हे त्याला माहीतच नसल्यामुळे ते विचारतही नाही. “समजलं का?” म्हटलं की मान हलवतं. त्याच्या परीने ते खरंच बोलत असतं.

प्रत्येक मुलाचा प्रकार वेगळा, तशी शाळेतली अडचणही वेगळी. रोलँडिक नावाच्या प्रकारात झटके बहुतेक झोपेत येतात. तो प्रकार सौम्य समजला जातो आणि वयात येईपर्यंत सहसा आपोआप जातो. तरी त्यातल्या काही मुलांना वाचन आणि भाषा जड जाते. मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातून झटके सुरू होत असतील तर लक्षात ठेवण्याची अडचण येऊ शकते. पुढच्या, कपाळामागच्या भागातून असतील तर लक्ष टिकवणं, कामाची आखणी करणं अवघड जातं. रात्री झटके आले की झोप मोडते, आणि दिवसभरात शिकलेलं डोक्यात मुरायला झोप लागतेच. मोठ्या झटक्यानंतर तर काही तास मूल थकलेलं, गोंधळलेलं असतं. त्या दिवशी घेतलेल्या चाचणीला काही अर्थ नसतो.

एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगायला हवी. अपस्मार म्हणजे मतिमंदत्व नव्हे. अपस्मार असलेल्या अनेक मुलांची बुद्धी इतर मुलांसारखीच असते. अडचण असते ती शिकण्याच्या वाटेवर.

आमची चूक

औषध सुरू झालं. डॉक्टरांनी मात्रा हळूहळू वाढवली आणि दोन महिन्यांत झटके दिसेनासे झाले. पुढचा ईईजीही चांगला आला. घरात पेढे वाटायचेच तेवढे बाकी होते.

त्या रात्री अण्णा, म्हणजे माझे वडील, मला बाजूला घेऊन म्हणाले, “हे बघ, आता बरी आहे ना? मग शाळेत, नातेवाइकांत कुठेही बोलू नका. मुलीची जात आहे. उद्या लग्नाच्या वेळी लोक हेच काढतील.”

अण्णांना दोष देत नाही. त्यांच्या पिढीने पाहिलेलं जग तसंच होतं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमध्ये अपस्माराचा उल्लेख होता, तो पुढे १९९९ च्या दुरुस्तीने वगळला गेला. म्हणजे कायद्याच्या पुस्तकातून हा शब्द जायलाच इतकी वर्षं लागली, माणसांच्या मनातून जायला आणखी लागणारच. आणि खरं सांगायचं तर गप्प बसणं मलाही सोयीचं होतं. फिट थांबली, विषय संपला, असं मी स्वतःला सांगितलं.

विषय संपला नव्हता. तिसरीत मार्क आणखी घसरले. आता झटक्यांचं कारणही नव्हतं, मग उरलं काय? आळस. निदान मला तसं वाटलं. मी ट्यूशन लावली, खेळायची वेळ कमी केली, आवाज चढवला. लेक अभ्यासाला बसायच्या आधीच रडवेली व्हायची. “मला येत नाही, मी ढ आहे,” हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा ती आठ वर्षांची होती.

एके रात्री मी तिला वजाबाकी घातली. ५२ वजा २७. तिने उत्तर लिहिलं ३५. पुन्हा केलं, पुन्हा ३५. मी ओरडणार एवढ्यात तिची रीत दिसली. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून तिने ७ मधून २ काढले होते. तिला हातच्याची वजाबाकी माहीतच नव्हती.

“बाईंनी शिकवलं नव्हतं का गं?”

“शिकवलं असेल बाबा. मला नाही माहीत.”

मी दुसरीची वही काढली. हातच्याची वजाबाकी ऑगस्टमध्ये झाली होती. आमचं निदान झालं नोव्हेंबरात. ज्या दिवसांत बाई फळ्यावर हातचा शिकवत होत्या, त्या दिवसांत माझी मुलगी दिवसातून पन्नास वेळा वर्गातून निघून जात होती. ती विसरली नव्हती. तिच्यापर्यंत ते कधी पोचलंच नव्हतं. आणि तिसरीचं सगळं गणित त्याच न शिकलेल्या हातच्यावर उभं होतं.

आगपेटीतल्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करून मी पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं. एक गठ्ठा सोडायचा, सुट्या काड्यांत मिसळायचा, मग काढायच्या. चार संध्याकाळी लागल्या. पाचव्या दिवशी तिने मला गणितं घातली.

झटके थांबले तरी

मागचं भरून काढणं हा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा मला डॉक्टरांनी समजावला.

अमेरिकेत ॲबसन्स एपिलेप्सी असलेल्या ४५३ मुलांवर तीन औषधांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास झाला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात आढळलं की औषध सुरू होण्यापूर्वीच एक तृतीयांशाहून थोड्या अधिक मुलांना लक्ष टिकवण्याची अडचण होती, आणि झटके थांबल्यावरही ती अनेकांत कायम राहिली. एथोसक्सिमाइड आणि व्हॅल्प्रोएट ही दोन औषधं झटके थांबवण्यात सारखीच ठरली, पण १६ ते २० आठवड्यांनी लक्षाची अडचण व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या ४९ टक्के मुलांत दिसली, तर एथोसक्सिमाइड घेणाऱ्या ३३ टक्के मुलांत.

याचा अर्थ एक औषध वाईट आणि दुसरं चांगलं असा नाही. अपस्माराच्या प्रकारानुसार, वयानुसार डॉक्टर औषध निवडतात. फेनोबार्बिटोनने काही मुलं सुस्तावतात किंवा उलट चिडखोर होतात, टोपिरामेटने कधीकधी बोलताना शब्द आठवत नाहीत, लेव्हेटिरासिटामने काहींचा स्वभाव तापट होतो. हे दिसलं तर डॉक्टरांना सांगायचं. मात्रा बदलायची की औषध, ते त्यांनी ठरवायचं. आपण स्वतःहून एक गोळीही बंद करायची नाही, कारण औषध एकदम थांबवलं तर मोठे झटके येऊ शकतात. मी मात्र दर भेटीत डॉक्टरांना एकच सांगत होतो: “झटके नाहीत, सगळं ठीक.” मार्कांबद्दल बोलायचं असतं हे सुचलंच नाही.

मग मानसशास्त्रज्ञांकडे रीतसर चाचण्या झाल्या. बुद्धी वयाला साजेशी. सांगितलेलं थोडा वेळ डोक्यात धरून त्यावर काम करणं आणि कामाचा वेग, हे दोन्ही कमी. म्हणजे पाच सूचना एकदम दिल्या की तिसरीपासून पुढच्या गळतात. एकेक दिली की सगळ्या होतात.

इथे आपल्यासारख्या घरांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. चाचणी कोणत्या भाषेत होते, हे विचारा. आमची मुलगी स्वप्नंही मराठीत बघते. इंग्रजीतल्या गोष्टीवरचे प्रश्न तिला जड गेले, तशाच गोष्टी मराठीत विचारल्यावर बरंच काही आलं. यातलं किती भाषेमुळे आणि किती आजारामुळे, हे बघणाराच ओळखू शकतो, आणि त्यासाठी घरची भाषा त्याला सांगावी लागते. “घरीसुद्धा इंग्रजीच बोला, म्हणजे सुधारेल,” असा सल्ला आम्हाला दोघा-तिघांनी दिला होता. चाचण्या घेणाऱ्या मॅडमनी तो सरळ खोडून काढला. म्हणाल्या, “आजीबरोबर जे पाठांतर चालतं, गोष्टी चालतात, ते बंद करू नका. तिचं सगळ्यात भक्कम तेच आहे.” आईचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता.

बाईंना सांगितलं

शेवटी आम्ही दोघं वर्गशिक्षिकेला भेटलो. अण्णांना आधी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण अडवलंही नाही.

मी तयारी करून गेलो होतो, रिपोर्टची फाईल, वाक्यं पाठ. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आधी का नाही सांगितलं? मी तिला दंगा करणाऱ्यांबरोबर मागच्या बाकावर बसवलं होतं. मला वाटायचं, मुद्दाम ऐकत नाही.” त्यांचे डोळे भरले होते. वर्षभर दोन्ही बाजू त्या मुलीला रागावत होत्या आणि कारण फक्त एका बाजूला माहीत होतं.

त्यानंतर शाळेने काही फार मोठं केलं नाही. तिला पुढच्या बाकावर आणलं. सूचना एकेक करून द्यायच्या आणि फळ्यावर लिहायच्या. गृहपाठ डायरीत लिहिला आहे ना, ते सुटण्यापूर्वी बघायचं. चाचणीला थोडा जादा वेळ द्यायचा. झटका आल्याचा संशय आला तर तारीख-वेळ लिहून आम्हाला कळवायची. याला ना पैसा लागला ना वेगळी शाळा.

मोठ्या परीक्षांसाठी मात्र कागदपत्रं लागतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगता आहेत. त्यात अपस्माराचं स्वतंत्र नाव नाही, पण विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे आणि ती मुलांमध्ये लवकरात लवकर ओळखावी, हे कर्तव्यही कायद्याने शिक्षणसंस्थांवर टाकलं आहे. जादा वेळ, लेखनिक, भाषा विषयात सवलत यांचे नियम मंडळागणिक वेगळे आहेत. दहावीच्या तोंडावर धावाधाव करण्यापेक्षा दोन-तीन वर्षं आधी शाळेत विचारून ठेवा.

आणि शाळेला, बसवाल्या काकांना, ट्यूशनच्या ताईंना प्रथमोपचार माहीत हवेत. मोठा झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा, घड्याळ बघा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा आणि चप्पल हुंगवायची तर मुळीच गरज नाही. झटका पाच मिनिटांहून जास्त टिकला, लागोपाठ दुसरा आला, किंवा मूल शुद्धीवर येत नसेल तर थेट दवाखाना. बाकी वेळी त्याच्याजवळ बसून राहायचं. पूर्ण शुद्धीवर आल्यावर त्याला ओळखीचा चेहरा दिसला पाहिजे.

आज

लेक आता पाचवीत आहे. पहिल्या दहांत नाही, आणि नसली तरी चालेल. तेलुगू अजून अडखळत वाचते, पेपर सगळ्यात शेवटी देते. पण गणितात मागच्या चाचणीत २५ पैकी १९ मिळाले आणि अभ्यासाला बसताना ती आता रडत नाही. ‘मी ढ आहे’ हे वाक्य बरेच दिवसांत ऐकलेलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि योग्य उपचार मिळाले तर त्यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांशिवाय जगू शकतात. इतका सगळीकडे आढळणारा आजार आपल्या मंडळातल्या घरांत नसेल, असं होणार नाही. फक्त कुणी बोलत नाही, जसे आम्ही बोलत नव्हतो.

१७ नोव्हेंबर हा आपल्या देशात राष्ट्रीय अपस्मार दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आणखी काही नाही जमलं तरी एवढं करा. घरातल्या एखाद्या मुलाच्या डायरीत ‘लक्ष नसते’ असा शेरा वारंवार येत असेल, तर रागावण्याआधी चार दिवस त्याच्याकडे नुसतं लक्ष द्या. आणि निदान झालेलं असेल, झटके थांबलेले असतील, तरी पुढच्या भेटीत डॉक्टरांना मार्कांबद्दल विचारा आणि शाळेत जाऊन बाईंना सांगा.

परवा संध्याकाळी लेक आजीला तेराचा पाढा म्हणून दाखवत होती. मधे थांबली. आम्ही सगळे एकदम तिच्याकडे बघायला लागलो. तिने आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “काय बघताय? इथेच आहे मी. तेरा आठे किती ते आठवतेय.”

अण्णा पेपर वाचत होते. पेपराआडूनच म्हणाले, “एकशे चार.”